हस्तकौशल्याचा साक्षीदार



आजीची हस्तिदंती फणी, कशिद्याचा बटवा, गंजिफांचा एखादा रंगीत डाव, अशी कांहीं तरी हातानें घडविलेली चिमुकली जिन्नस आपल्या घरीं बहुधा असतेच. अलीकडे मॅक्रो लेन्स घेऊन हौशी मंडळी अशा वस्तूंचीं छायाचित्रें अगदीं जवळून आणि घरींच काढतात. हा छंद नव्या युगाचा आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः छायाचित्रकलेचें बालपणच मुळीं एका वाड्यांत, घरांतल्या लहानसहान जिनसांच्या संगतींत गेलें. तोच इतिहास आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतले एक सुखवस्तु विद्वान् गृहस्थ. गणितांत त्यांची गति उत्तम. चित्र काढणें मात्र साधेना. १८३३ च्या ऑक्टोबरांत इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं, लोलकाचें एक उपकरण घेऊन, समोरील देखावा रेखाटण्याचा त्यांनीं खटाटोप केला. तो फसला, आणि समोरचें दृश्य आपोआपच कागदावर उमटून राहील अशी कांहीं युक्ति कां निघूं नये, हा विचार त्यांच्या मनांत आला. पुढल्या वर्षीं लॅकॉक अ‍ॅबी या आपल्या वाड्यांत, मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट यांचें पुट दिलेल्या कागदावर पानें, फुलें व लेसचे तुकडे ठेवून ते कागद त्यांनीं उन्हांत धरले. लेसची जाळी धाग्यागणिक उमटली. असें एक चित्र त्यांनीं कांहीं मंडळींना थोडें दुरून दाखविलें, तेव्हां ‘आम्ही इतके भोळे नाहीं, ही खरीच लेस आहे’ अशा अर्थाचें उत्तर त्यांना मिळालें!

१८३५ सालीं त्यांनीं लहान लांकडी पेट्यांना भिंगें बसविलीं. जागोजाग मांडलेल्या या पेट्यांना त्यांची पत्नी उंदराचे सांपळे म्हणे. त्यांपैकीं एकींतून वाड्याच्या खिडकीचें जें उलट चित्र निघालें तें जेमतेम इंचभर. परंतु त्यांतील सुमारें २०० तावदानें भिंगाखालीं मोजतां येत, अशी नोंद टॉल्बट यांनीं करून ठेविली आहे. १८४४ ते १८४६ या काळांत ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हें त्यांचें पुस्तक भागाभागानें निघालें. त्यांतील २४ चित्रांपैकीं एक आहे फडताळांत मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचें. सोबतच्या मजकुरांत त्यांनीं एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. संग्राहकाच्या सर्व भांड्यांची यादी लिहिण्यास जो वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यांतच त्यांचें चित्र होतें. उद्यां चोरानें तीं लांबविलीं तर तेंच चित्र न्यायालयांत पुरावा म्हणून पुढें करतां येईल. मला हा विचार त्यांच्या साऱ्या रसायनांहून मोलाचा वाटतो. छायाचित्र ही शोभेची वस्तु नसून साक्षीदार आहे, हें त्या गृहस्थांनीं प्रारंभींच ओळखलें.

जवळून चित्र घेण्यांत अडचण आहे ती अशी. भिंगाचें नाभ्यंतर २ इंच धरा. वस्तु मूळ आकाराएवढी उमटावयाची तर ती भिंगापुढें ४ इंचांवर हवी, आणि फिल्महि मागें ४ इंचांवर हवी. मागचें अंतर असें दुप्पट झालें कीं प्रकाश चतुर्थांश उरतो. म्हणून वेळ चौपट द्यावा लागतो. शिवाय स्पष्ट दिसणारा भाग तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकाच राहतो. पूर्वीं याकरितां लांब भात्याचा कॅमेरा लागे. १९५५ सालीं हाइन्झ किल्फिट यांची मॅक्रो-किलार ही लेन्स निघाली आणि भात्याची ती दगदग वांचली. घरीं खिडकींतला तिरपा उजेड आणि पक्की तिवई एवढ्यावर काम भागतें. वस्तूशेजारीं मोजपट्टी ठेवणें पुष्कळांना अरसिकपणाचें वाटतें. परंतु मोजपट्टीवांचूनची साक्ष लंगडीच.

अशा साक्षीचें सामर्थ्य आपल्याच देशाच्या इतिहासांत दिसून आलें. हडप्पा येथील एका कोरीव मुद्रेची आकृति अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७५ सालीं छापली. तीवरील बैलाला वशिंड नाहीं, सबब ती परदेशी असावी, असें त्यांनीं ठरविलें. पुढें १९११-१२ सालीं मोहेंजोदडो पाहून आलेले आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनाहि तेथल्या विटा अर्वाचीन दिसल्या आणि तें स्थळ अवघें २०० वर्षांचें वाटलें. नंतर दयाराम साहनी यांनीं हडप्पा येथें व राखालदास बॅनर्जी यांनीं मोहेंजोदडो येथें उत्खनन केलें, आणि दोन्हीकडे सारख्याच मुद्रा निघाल्या. जॉन मार्शल यांनीं त्यांचीं छायाचित्रें २० सप्टेंबर १९२४ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें प्रसिद्ध केलीं. इंच-सव्वा इंचाच्या त्या दगडी मुद्रा. विलायतेंतील वाचकांपुढें होतीं तीं केवळ छापील चित्रें. तरी पुढच्याच अंकांत ए. एच. सेस यांनीं इराणांतील सूसा येथील प्राचीन लेखांशीं त्यांचें साम्य दाखवून दिलें. आणि त्यापुढील अंकांत गॅड व सिडने स्मिथ यांनीं सुमेरी अवशेषांशीं त्यांची तुलना केली. आपल्या संस्कृतीचें वय दोन आठवड्यांत हजारों वर्षें मागें गेलें!

१९८७ पासून या मुद्रांच्या छायाचित्रांचे मोठे संग्रह खंडशः निघूं लागले. त्यांत मूळ मुद्रा आणि तिचा ठसा अशीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं दिलेलीं असतात. २०१० सालीं निघालेल्या तिसऱ्या खंडाच्या नांवांतच, आज पत्ता न लागणाऱ्या वस्तूंचा उल्लेख आहे. उत्खननांत हातीं आलेल्या त्या वस्तु पुढें कोठें गेल्या तें कळत नाहीं. आपणांपाशीं आहेत तीं त्यांचीं जुनीं छायाचित्रें.