तान्ह्या बाळाला दुखतं का? एका प्रश्नाचा इतिहास

"एवढंसं बाळ, त्याला काय कळतंय? दोन मिनिटांत विसरेल!" लस टोचताना हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. पण ही समजूत केवळ घरातल्या मोठ्यांची नव्हती. 1980 च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतले अनेक डॉक्टरही असंच मानत. त्यामुळे नवजात बाळांची मोठी ऑपरेशनंही कित्येकदा पुरेशा भुलीशिवाय होत.

मग बाळ ओरडत नसे का? नाही. कारण त्याला स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असे. त्याने हातपाय हलत नाहीत, रडता येत नाही. पण हे औषध वेदना थांबवत नाही. पाहणाऱ्याला बाळ शांत दिसे, एवढंच. सोबत बहुधा नायट्रस ऑक्साईड हा सौम्य भुलीचा वायू असे.

यामागे दोन कारणं होती. एक, बाळाच्या नसांवरचं आवरण पूर्ण तयार झालेलं नसतं, म्हणून वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही, असा समज. तो चुकीचा होता. तुमच्या-माझ्या शरीरातही बरीचशी वेदना आवरण नसलेल्या नसांमधूनच जाते. आवरण नसलं तर संदेश सावकाश जातो, थांबत नाही. दुसरं कारण होतं भीती. मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांनी श्वास मंदावतो. इवल्याशा बाळाला ते झेपेल का? ही भीती मात्र अगदीच निराधार नव्हती.

डॉ. कंवलजीत आनंद यांनी इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि पुढे ते ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनहून परतणारी बाळं फार खालावलेली असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पण जे बाळ बोलत नाही, त्याची वेदना मोजायची कशी? त्यांनी रक्ताला विचारलं. शरीरावर आघात झाला की अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स आणि रक्तातली साखर वाढते.

वेळेआधी जन्मलेल्या आणि हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीचं ऑपरेशन लागणाऱ्या 16 बाळांचे त्यांनी दोन गट केले. कोणतं बाळ कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. वायू आणि स्नायूंचं औषध सगळ्यांना तेच. फक्त 8 बाळांना जोडीला फेंटानिल दिलं. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्या शरीरावरचा ताण कितीतरी जास्त निघाला. ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती. 1987 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

त्याच सुमारास अमेरिकेत एका आईला कळलं, की 1985 मध्ये आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं ऑपरेशन वेदनाशामकाशिवाय झालं होतं. बाळ पुढे दगावलं. तिने हे जाहीरपणे मांडलं आणि अनेक पालक प्रश्न विचारू लागले. 1987 मध्येच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की केवळ वय लहान म्हणून भूल नाकारणं योग्य नाही.

सोळा बाळं म्हणजे लहान अभ्यास, अशी शंका तुम्हाला येईल. ती रास्त आहे. म्हणून पुढेही अभ्यास झाले. 1992 मध्ये हृदयाचं ऑपरेशन झालेल्या 45 नवजात बाळांचा अभ्यास आला. हलकी भूल दिलेल्या 15 पैकी 4 बाळं दगावली. खोल भूल दिलेल्या 30 पैकी एकही नाही. वेदना थांबवणं ही नुसती दयाबुद्धी नव्हती, त्याचा संबंध जगण्याशी होता.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. बाळाचं ऑपरेशन असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी भेटा. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर वेदनेसाठी काय देणार, हे मोकळेपणाने विचारा. आणि लस टोचताना बाळाला कुशीत घ्या, शक्य असेल तर अंगावर पाजा. त्याने दुखणं कमी होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही हेच सुचवते. वेदनेचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बाळाला सांगता येत नाही. म्हणून विचारायचं काम आपलं.