गॅलिलिओच्या कास्तेल्लीस लिहिलेल्या पत्राचे दोन पाठ

जुन्या कागदाची नक्कल हातीं आली म्हणजे ती अस्सलबरहुकूम आहे कीं तींत कोणी हात फिरविला आहे, हा प्रश्न संशोधकापुढें पहिल्यानें उभा राहतो. हात फिरविणारा नकलकारच असावा, असें आपण बहुधा गृहीत धरितों. अस्सल लिहिणारानेंच मागाहून आपले शब्द सौम्य करावे आणि संशय मात्र नकलकाराकडे जावा, असें उदाहरण विरळा. तें एका अशा पत्रांत सांपडलें आहे कीं, बायबलांतील वाक्यें वाच्यार्थानें घ्यावीं कीं लक्षणेनें, या वादांत त्याचें महत्त्व मोठें आहे.

इ. स. १६१३ च्या डिसेंबरांत पिसा येथें तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या पंक्तीस गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली हा बसला होता. हा बेनेडिक्टाइन संन्यासी असून तेथील विद्यापीठांत गणिताचा अध्यापक होता. राजमाता क्रिस्तिना हिनें त्यास आक्षेप घातला कीं, यहोशवाच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांत सूर्य आकाशांत थांबला असें लिहिलें आहे. मग सूर्य स्थिर व पृथ्वी फिरती, हें तुमचें मत शास्त्रास कसें जुळणार? हें वर्तमान कास्तेल्लीनें गॅलिलिओस कळविलें आणि त्यानें २१ डिसेंबर १६१३ रोजीं उत्तर लिहिलें.

पत्राचा आशय असा. पवित्र शास्त्र चुकत नाहीं, पण त्याचे भाष्यकार चुकूं शकतात. सर्वत्र वाच्यार्थच धरिला तर ईश्वरास हात, पाय व डोळे आहेत, तो रागावतो, पस्तावतो, असें मानावें लागेल. शास्त्र सामान्य जनांच्या समजुतीस धरून बोलतें. निसर्ग मात्र कोणाच्या समजुतीची पर्वा करीत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष व प्रमाण यांनीं सिद्ध झालेल्या गोष्टीच्या आड शास्त्रवचन आणूं नये.

येथवर सर्व सरळ आहे. परंतु पत्राच्या उत्तरार्धांत गॅलिलिओ एकाएकीं वाच्यार्थाच्या बाजूस जाऊन उभा राहतो! तो म्हणतो, वचन शब्दशः घेतलें तर तें प्रतिपक्षासच बाधतें. टॉलेमीच्या मतें सूर्याची स्वतःची गति पश्चिमेकडून पूर्वेकडे. ती थांबविली तर दिवस लांबणार नाहीं, उलट किंचित् आखूड होईल. दिवस लांबवावयाचा तर सर्वांत बाहेरचें आकाशगोल थांबवावें लागेल, आणि तसें म्हटलें कीं वाच्यार्थ सुटलाच. उलटपक्षीं, सूर्य आपल्या आंसाभोंवती फिरतो व त्याच फिरण्यानें ग्रहमाला चालते असें धरिलें, तर सूर्य थांबतांच सर्व यंत्र थांबेल आणि वचन अक्षरशः खरें ठरेल. शास्त्रानें निसर्गाचे वाद सोडवूं नयेत, असें सांगून पुन्हां शास्त्रानेंच आपला पक्ष बळकट करण्याचा हा मोह आम्हांस तरी सुसंगत वाटत नाहीं.

या पत्राच्या नकला हातोहात फिरल्या. फ्लॉरेन्सचा डोमिनिकन संन्यासी निकोलो लोरिनी यानें ७ फेब्रुवारी १६१५ रोजीं एक नक्कल रोमला रवाना केली. तिची कुणकूण लागतांच गॅलिलिओनें १६ फेब्रुवारीस रोममधील आपला स्नेही पिएरो दिनी यास लिहिलें कीं, उतरून घेणाराच्या हातून एखादा शब्द बदलला असण्याचा संभव आहे, सबब खरी प्रत सोबत पाठवीत आहें. ही 'खरी प्रत' सौम्य होती. लोरिनीच्या नकलेंत शास्त्रांतील कित्येक वाक्यें वाच्यार्थानें घेतल्यास 'खोटीं' आहेत असें होतें. येथें तीं सत्याहून निराळीं 'दिसतात' एवढेंच होतें. अधिकाऱ्यांनीं पिसाच्या आर्चबिशपांकरवीं अस्सल मागविलें, तर कास्तेल्लीनें तें आधींच गॅलिलिओस परत केलेलें. नकलेची तपासणी करणारास 'खोटें' हा शब्द कानास कटु वाटला, पण एकंदर पत्रांत दंडनीय असें त्यास कांहीं आढळलें नाहीं.

मग शब्द बदलले कोणीं? आंतोनियो फाव्हारो यानें १८९० ते १९०९ पर्यंत वीस खंडांत गॅलिलिओचें समग्र साहित्य छापिलें. त्यांतील मुद्रित पाठ सौम्य प्रतीचा, आणि तोच सर्वत्र रूढ झाला.

२०१८ च्या ऑगस्टांत बेर्गामो विद्यापीठाचा साल्व्हातोरे रिच्चार्दो हा लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथसंग्रहांत जुन्या वाचकांचीं टिपणें शोधीत होता. तेथें त्यास सात पृष्ठांचें हें पत्र मिळालें; शेवटीं 'गॅ. गॅ.' अशी सही. अक्षर गॅलिलिओच्या इतर लेखनाशीं ताडून पाहतां जुळलें. मूळ ओळ लोरिनीच्या नकलेप्रमाणें कडक. ती खोडून वर लिहिलेला पाठ दिनीकडे गेलेल्या प्रतीचा! 'खोटीं' हा शब्द खोडणारा हात खुद्द गॅलिलिओचा ठरला. लोरिनीच्या हेतूविषयीं कोणास काय म्हणावयाचें तें म्हणोत. बनावट नकलेचा संशय मात्र त्याजवरून दूर झाला. इतकीं वर्षें हा कागद दडला कां? यादींत २१ डिसेंबराऐवजीं २१ ऑक्टोबर अशी मिति पडली होती. यादी करणाराच्या एका चुकीनें कागद कसा गडप होतो, हें दप्तरांत वावरणारांस सांगावयास नको.

आतां मूळ वादाकडे. गॅलिलिओचे विरोधक सर्वच वाच्यार्थाचे हट्टी होते, असा समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. ईश्वराचा हात लाक्षणिक, हें त्यांसही कबूल होतें. आपले आलंकारिक मुख्यार्थाचा बाध झाल्यावांचून लक्षणेकडे जाऊं देत नाहींत. कार्डिनल बेल्लार्मिनो यानें कार्मेलाइट संन्यासी फोस्कारिनी यास १२ एप्रिल १६१५ रोजीं लिहिलेल्या पत्राचें मर्म नेमकें हेंच आहे. पृथ्वीच्या गतीचें खरें प्रमाण मिळालें तर वचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल, आपणांस तीं उमगलीं नाहींत असें म्हणावें लागेल. परंतु तसें प्रमाण दाखविल्याशिवाय आपण तें मानणार नाहीं, आणि ट्रेंटच्या सभेनें प्राचीन आचार्यांच्या एकमताविरुद्ध अर्थ करण्यास मनाई केली आहे, असें तो म्हणतो. म्हणजे बाध झाला कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार गणित्याचा कीं धर्मसभेचा, हा तंटा होता. तो ५ मार्च १६१६ च्या हुकुमानें तूर्त निकालांत निघाला. फोस्कारिनीचें पुस्तक बंद झालें, कोपर्निकसचें दुरुस्तीपर्यंत तहकूब राहिलें.

पुढें १८९३ सालीं पोप तेरावा लिओ यानें आपल्या परिपत्रकांत, शास्त्रकर्ते दिसतें त्याप्रमाणें लोकभाषेंत बोलले, असेंच लिहिलें.

या पत्राच्या सुमारें बारा नकला उपलब्ध आहेत. अस्सल हातीं आल्यामुळें आतां त्यांतील कोणती खोडण्यापूर्वींच्या पाठावरून उतरली व कोणती नंतरच्या, हें लावून पाहतां येईल.