पेन्शन की रिंग? विसरलेल्या मुष्टियोद्ध्यांची गोष्ट

रायपूरहून बोलतोय.

१७ ऑगस्ट २०२२ ला आमच्या शहरात, बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियममध्ये, व्यावसायिक मुष्टियुद्धाची लढत झाली. विजेंदर सिंग विरुद्ध घानाचा एलियासू सुली. सुली तोवर एकही लढत हरला नव्हता. विजेंदरने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. त्यानंतर काही दिवस चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आम्ही म्हातारे जमलो की तोच विषय निघायचा. एकजण म्हणाले, "आपला पहिला प्रोफेशनल बॉक्सर!" मी विचारलं, "गुरचरण सिंग हे नाव ऐकलंय?" कोणीच ऐकलं नव्हतं. "धर्मेंद्र यादव? देवराजन? राजकुमार सांगवान?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

हे चौघेही विजेंदरच्या आधी व्यावसायिक झालेले भारतीय मुष्टियोद्धे. यादव १९९१ चा अर्जुन पुरस्कार विजेता, देवराजन १९९५ चा, सांगवान १९९६ चा, गुरचरण १९९९ चा. म्हणजे ही माणसं काही गल्लीतली नव्हती. तरीही आज त्यांची नावं सांगितली तर पुढे दोन वाक्यं समजावून सांगावी लागतात. म्हणून आजचा भाग त्यांच्यावर, आणि जे व्यावसायिक होऊच शकले नाहीत अशा आपल्या मराठी फौजी मुष्टियोद्ध्यांवर.

आधी हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक. हौशी म्हणजे तीन राउंडची लढत, पदक, देशाचा शर्ट. व्यावसायिक म्हणजे बारा राउंडपर्यंतची लढत, पूर्वी तर पंधरा, आणि करार, प्रवर्तक, तिकीटविक्री. मुख्य मुद्दा असा की २०१६ पर्यंत व्यावसायिक माणसाला ऑलिम्पिकचं दार बंद होतं. एकदा पैशासाठी रिंगमध्ये उतरलात की मागे फिरायचं नाही.

आपल्याकडे कुस्तीला हा प्रश्न कधी पडला नाही. शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी बांधल्या. गावोगावच्या जत्रेत इनामाच्या कुस्त्या लागतात आणि जिंकलेल्या पैलवानाला रोख मिळते. त्यात कोणालाच काही गैर वाटलं नाही. मुष्टियुद्ध मात्र आपल्या मातीतलं नव्हतं. ते आलं छावण्यांतून, रेल्वे वसाहतींतून, मुंबईच्या गोदी आणि मिशन शाळांतून. मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना १९२५ साली झाली, अखिल भारतीय संघटना त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, १९४९ मध्ये. मधल्या काळात मुंबई, कलकत्ता, बंगळूर इथे तिकीट लावून लढती होत. गनबोट जॅक नावाचा आफ्रिकन-अमेरिकन मुष्टियोद्धा त्या लढतींमुळे घराघरात माहीत होता. स्वातंत्र्यानंतर तो सगळा खेळ ओसरला. उरली फौज, रेल्वे आणि पोलीस.

फौजेतलं बॉक्सिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. युनिटची बॉक्सिंग टीम निवडली की त्या पोरांची पहारा-ड्यूटी सुटते, दूध-अंडी वाढतात, आणि सुरू होतं वजन तोडणं. लढतीच्या आदल्या दिवशी दीड किलो जास्त भरलं तर माणूस दोन स्वेटर चढवून भर उन्हात धावतो, पाणी तोंडात घेऊन थुंकून टाकतो. संध्याकाळी रिंगभोवती खुर्च्या लागतात, पहिल्या रांगेत कमांडिंग ऑफिसर. राउंड चालू असताना टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, हा जुना शिरस्ता. ग्लोव्ह अंगावर आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. घंटा झाली की मग छप्पर उडेल एवढा गजर. आणि एक बक्षीस ठेवलेलं असतं, ते मला फौजेतल्या सगळ्या बक्षिसांत आवडतं: उत्तम हरणाऱ्याचं.

ही पोरं कागदावर हौशी. पण त्यांचा दिवस पहाटेच्या धावण्याने सुरू व्हायचा आणि सॅंडबॅगवर संपायचा, वर्षातले कितीतरी महिने. पगार शिपायाचा, काम मुष्टियोद्ध्याचं. माझ्या मते भारताचे खरे व्यावसायिक मुष्टियोद्धे हेच होते, फक्त त्यांना लढतीमागे पैसे मिळत नसत.

त्यांनी देशाला काय दिलं ते पाहा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गुरखा पलटणीच्या पदमबहादूर मल्लने सुवर्ण जिंकलं, मुष्टियुद्धातलं भारताचं पहिलं. हवा सिंग १९६६ ला आणि १९७० ला, दोन्ही वेळा बँकॉकमध्ये, हेवीवेटचं सुवर्ण. कौर सिंग १९८२ ला दिल्लीत सुवर्ण. हाच कौर सिंग जानेवारी १९८० मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये मोहम्मद अलीसमोर चार राउंडच्या प्रदर्शनीय लढतीत उभा राहिला होता. पंजाबातल्या खेड्यातला हवालदार आणि समोर अली! नंतर २०१७ साली हृदयाच्या उपचारासाठी त्याला कर्ज काढावं लागल्याची बातमी आली, तेव्हा लोकांना त्याची आठवण झाली आणि मदत सुरू झाली. पद्मश्री होता तो. २०२३ मध्ये गेला.

आता आपल्या माणसांकडे येतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला भारताचे मुष्टियोद्धे गेले, त्यात दोन मराठी फौजी होते: फ्लायवेटमध्ये मनोज पिंगळे आणि बॅंटमवेटमध्ये शाहुराज बिराजदार. पिंगळेंना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास बेळगावच्या मुकुंद किल्लेकरांनाही. ही तीन नावं शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहेत? खाशाबा जाधवांवर निदान आता बोललं जातं. मुरलीकांत पेटकर, तेही मुळात फौजेतले बॉक्सरच, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले. त्यांच्यावर सिनेमा निघाला म्हणून का होईना, नाव पोचलं. बिराजदार, पिंगळे, किल्लेकर यांच्यावर अजून कोणी सिनेमा काढलेला नाही.

सोल मात्र जगाच्या लक्षात आहे ते वेगळ्याच कारणाने. त्या स्पर्धेत अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम फेरीत कोरियाच्या पार्क सी-हुनला तिन्ही राउंड बडवलं. मोजणाऱ्यांनी मोजलं: जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. आणि पंचांनी ३-२ ने पार्कला विजयी केलं! वर कळस म्हणजे स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून जोन्सचीच निवड झाली. जोन्सने काय केलं? पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक झाला, आणि मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत जागतिक किताब जिंकत गेला. अन्याय झाला, पण त्याच्यासमोर दुसरं दार उघडं होतं.

बिराजदार-पिंगळे यांच्यासमोर असं दार नव्हतं, हे मला आज अधोरेखित करायचंय. हिशेब मांडून पाहा. शिपायाला पेन्शन मिळायला किमान १५ वर्षं नोकरी लागते. पोरगा अठराव्या वर्षी भरती झाला तर तेहतिसाव्या वर्षी ती पुरी होतात. आणि मुष्टियोद्ध्याचे हातपाय सगळ्यात जोरात चालतात ते बावीस ते अठ्ठावीस. म्हणजे व्यावसायिक व्हायचं असेल तर नेमकं त्या वयात नोकरी सोडायची, पेन्शन सोडायची, कॅन्टीन आणि फौजी दवाखाना सोडायचा, ऑलिम्पिक-आशियाई विसरायचं. आणि जायचं कुठे? देशात ना प्रवर्तक, ना लढती. घरी आईवडील, कोरडवाहू दोन एकर, बहिणीचं लग्न. मी कंपनी कमांडर असतो आणि असा एखादा पोरगा सल्ला विचारायला आला असता, तर मीसुद्धा त्याला नोकरी सोडू नको म्हणालो असतो. आजही म्हणेन.

सोलच्या त्या तमाशानंतर पंचांवरचा भरवसा उडाला आणि संगणक आला. पाच पंच, प्रत्येकासमोर बटणं. तिघांनी जवळपास एकाच क्षणी बटण दाबलं तर गुण. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून हेच चालू झालं. वाटलं, आता चोरी बंद. पण मशीनचा स्वतःचा चक्रमपणा होता. पोटावरचा जोरदार ठोसा पंचाच्या बटणापर्यंत पोचायचाच नाही, आणि तोंडावरची साधी टपली गुण देऊन जायची.

या मशीनने आपला एक माणूस मारला. सिडनी, २००० सालचं ऑलिम्पिक, ८१ किलो गट, उपांत्यपूर्व फेरी. सैन्याचा गुरचरण सिंग विरुद्ध युक्रेनचा आंद्री फेडचुक. जिंकला तर पदक पक्कं, कारण मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं. भारताला तोवर मुष्टियुद्धात ऑलिम्पिक पदक मिळालं नव्हतं. लढत संपली, फलकावर १२-१२. बरोबरी झाली की तेव्हा सगळ्या पंचांनी दाबलेल्या बटणांची मोजणी व्हायची. ती झाली आणि फेडचुक पुढे गेला, कांस्य घेऊन घरी गेला. ते पहिलं पदक मग विजेंदरने २००८ ला बीजिंगमध्ये आणलं. आठ वर्षांचा फरक, आणि मधे एका मोजणीचा.

सिडनीनंतर गुरचरण फौजेत राहिला नाही. तो अमेरिकेत पोचला, तिथे व्यावसायिक झाला आणि लढती जिंकत गेला. इथे त्याची दखल कोणी घेतली नाही. घेतली ती 'गेला पळून' एवढीच. मी फौजी आहे. कामगिरीवरून, दौऱ्यावरून परत न येणं याला आमच्याकडे एकच शब्द आहे आणि तो शब्द मला बदलायचा नाही. शिस्त म्हणजे शिस्त. पण त्या पोराच्या जागी रॉय जोन्स असता तर तो पळाला नसता, कारण त्याला पळायची गरजच पडली नसती. त्याच्या देशात ती वाट सरळ, कायदेशीर होती. हा फरकही मला विसरता येत नाही.

याचा अर्थ व्यावसायिक जग म्हणजे स्वर्ग, असं मुळीच नाही. तिथेही दार प्रत्येकाला उघडत नव्हतं. सॅम लॅंगफर्ड हा कॅनडात जन्मलेला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. उंची बेताची, वजन कमी, तरी हेवीवेटवाल्यांना लोळवायचा. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनने त्याला पंधरा राउंडमध्ये गुणांवर हरवलं, आणि पुढे १९०८ मध्ये जागतिक विजेता झाल्यावर किताबासाठी लॅंगफर्डला पुन्हा समोर येऊच दिलं नाही. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या विजेत्याने! गोऱ्या विजेत्यांनी तर प्रश्नच सोडला होता. हेवीवेट किताबाची संधी न मिळता शेकडो लढती लढून लॅंगफर्ड आंधळा झाला. १९४४ साली न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराला तो हार्लेममधल्या एका खोलीत, कंगाल अवस्थेत सापडला.

आणि पिट्सबर्गचा चार्ली बर्ली. आर्ची मूरसारख्या दिग्गजाला त्याने १९४४ मध्ये हरवलं. मूर आयुष्यभर सांगत राहिला की हा मला भेटलेला सर्वांत उत्तम. मोठे विजेते त्याला टाळत राहिले, जागतिक किताबाची लढत एकदाही मिळाली नाही. लढून पोट भरेना म्हणून शेवटी पिट्सबर्ग नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाला. गंमत बघा, जगातल्या सर्वोत्तम व्यावसायिकालाही अखेर सरकारी नोकरीनेच तारलं.

म्हणून आपल्या फौजी मुष्टियोद्ध्यांनी पेन्शन निवडली याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. त्यांनी निवडलं ते घर चालवणारं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांनी नोकरी टिकवली त्यांची नावं आपण विसरलो, ज्यांनी सोडली त्यांच्याही लढती विसरलो. दोन्हीकडून हात रिकामे.

एक शेवटची जोडी सांगतो. २००२ साली सरकारने ध्यानचंद पुरस्कार सुरू केला, आयुष्यभर खेळाला वाहून घेतलेल्यांसाठी. पहिल्याच वर्षीच्या तिघांत एक होते आपले शाहुराज बिराजदार.

दुसरा माणूस लाखा सिंग. लुधियानाकडचा, फौजेचा, १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेतला कांस्यविजेता. १९९६ मध्ये जागतिक सैनिकी स्पर्धेसाठी तो अमेरिकेत टेक्सासला गेला, विमानतळावरून एका साथीदाराबरोबर बाहेर पडला आणि संघात परत आलाच नाही. फौजेने त्याला फरार ठरवलं. काही वर्षांनी तो भारतात परतला, तेव्हा ना नोकरी होती ना पेन्शन. लुधियानाच्या बाजूला टॅक्सी चालवून पोट भरत राहिला. तीच पोरं, तसंच रिंग, तोच गणवेश. एकाने घंटा होईपर्यंत नोकरी केली, दुसरा मधेच बाहेर पडला.

२०२० साली लाखा सिंगलाही ध्यानचंद पुरस्कार मिळाला. कोरोनाचं वर्ष होतं, समारंभ ऑनलाइन झाला. राष्ट्रपतींनी पडद्यावरूनच सगळ्यांचं अभिनंदन केलं.