शिमला सिगारेट आणि वहीतली नावं

१९७० च्या सुमाराला आमच्या डोंबिवलीत गाणं म्हणजे गणेशोत्सवातलं गाणं, आकाशवाणीवरचं भावगीत, नाहीतर बिनाका गीतमाला. या तिन्हींत न बसणाऱ्या सगळ्याला ‘धांगडधिंगा’ असं एक सोयीचं नाव होतं. पण त्याच वर्षांत मुंबईत या धांगडधिंग्याच्या चक्क अखिल भारतीय स्पर्धा होत होत्या. ‘शिमला बीट’ हे त्यांचं नाव. शिमला ही सिगारेट, आणि ती खपावी म्हणून इंपिरियल टोबॅको (म्हणजे आजची आयटीसी) देशभरातल्या रॉक बँड्सना स्टेजवर बोलवत असे. मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेन्टोन्स, आपल्या मुंबईचे व्हेल्व्हेट फॉग. १९७० आणि ७१ च्या स्पर्धांच्या दोन लाँगप्ले रेकॉर्ड निघाल्या. त्यातल्या कित्येक बँड्सचा तेवढाच काय तो पुरावा मागे राहिला. सिगारेटचे उपकार म्हणायचे!

मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. मी मराठी माध्यमाचा बीए, पुढे मास्तर. पण आमच्या सकाळच्या लोकलमध्ये कल्याणच्या रेल्वे कॉलनीतला एक गोवेकर फिटर खिडकी धरून बसायचा, आणि ठाण्याला माझा बँकेतला मित्र चढायचा. भायखळ्यापर्यंत दोघांचं एकच. “अरे, फेन्टोन्स ऐकलेस का? ऐकच तू!” आता ऐकायचे कुठे? रेडिओवर नाहीत, दुकानात क्वचित. ज्याने हॉलमध्ये जाऊन ऐकले त्याने ते दुसऱ्याला तोंडाने वाजवून दाखवायचे आणि ड्रम डब्याच्या पत्र्यावर. शिफारस आणि मैफल एकदमच उरकायची. शेजारचे पेपरवाले वैतागायचे.

१९७१ साली मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोठा मेळा झाला. मळवली म्हणजे लोणावळ्याच्या पुढचं, कार्ला-भाज्याच्या लेण्यांचं स्टेशन. अमेरिकेत १९६९ साली वुडस्टॉक झालं, त्याची ही आपल्याकडची आवृत्ती. पुण्याची गाडी कल्याणवरूनच जाते, त्यामुळे ती केस वाढवलेली पोरं आमच्या फलाटावरही दिसली. एकाच्या हातातली गिटार पोत्यात गुंडाळलेली होती. परदेशी वाद्यांवरची जकात आणि आयातीची बंधनं अशी होती, की पुष्कळांना गिटार आणि अँप्लिफायर इथेच कोणाकडून तरी बनवून घ्यावे लागत. आवाज फाटका यायचा, असं फिटर सांगे. आणि तोच खरा आवाज, असंही सांगे.

आपल्या मराठी घरांत हे संगीत शिरलं ते मात्र पुलंच्या दारातून. १९७८ साली थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. मूळ ब्रेश्तचं, रूपांतर पुलंचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात नाट्यसंगीताच्या ढंगाशेजारी एकदम पाश्चात्त्य सुरात गाणारा नंदू भेंडे आला. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणून मराठी प्रेक्षकांनी त्याला कौतुकाने घरचा मानला. पण हा घरचा मुलगा त्याआधी व्हेल्व्हेट फॉगमध्ये आणि सॅव्हेजेसमध्ये गायला होता, १९७४ च्या अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास झाला होता. हे प्रेक्षागृहात किती जणांना ठाऊक असेल? माझ्या शेजारी बसलेल्या बँकवाल्याला होतं. तो मध्यंतरभर अभिमानाने बोलत राहिला, जणू पोर त्यानेच वाढवलं!

आपण बालगंधर्वांच्या कुठल्या प्रयोगात कुठली तान कशी पडली हे तीन पिढ्या सांगत आलो. ते योग्यच आहे. पण ही मुंबईची गाणारी पोरंही आपल्याच शहराची होती, आणि त्यांची नोंद ठेवावी असं कोणाला वाटलं नाही. बरेचसे बँड दुसऱ्यांची गाणी वाजवत, पैसे मिळत ते हॉटेलांत. मग कोणी नोकरीला लागला, कोणी परदेशी गेला. ॲटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’ ही रेकॉर्ड तर या शतकात एका अमेरिकन कंपनीने पुन्हा काढली, तेव्हा तिची किंमत आपल्याला कळली. नंदू भेंडे ११ एप्रिल २०१४ ला गेले. फिटर त्याच्या आधीच गेला होता. शिमला बीटच्या अंतिम फेरीत एका बँडचा ड्रमर डावखुरा होता की नाही, हा दोघांचा वाद तसाच राहिला.

बँकवाल्याला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणून महिन्यातून दोनदा मी ठाण्याला जातो. तो सांगतो आणि मी दोनशे पानी वहीत लिहितो: बँडचं नाव, कुठे ऐकला, कोण काय वाजवायचं, बरोबर कोण होतं. शंभरावर पानं झाली आहेत. परवा व्हेल्व्हेट फॉगपाशी अडलो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं जास्तीची आहेत, ती आलीच पाहिजेत, असा त्याचा हट्ट. देवनागरीत ती दिसायची कशी? शेवटी समासात लिहिलं: ‘टी दोनदा, जी दोनदा’. त्याने मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, मगच पुढच्या नावाकडे वळला.