रक्त, घाम आणि डब्यावरची पट्टी : मॉर्टल कॉम्बॅटची गोष्ट

भिलाईच्या स्मृति नगरातून आज एका खेळाचा इतिहास सांगतो. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा की बडोद्याला, नव्वदच्या दशकात लहान असाल तर मॉर्टल कॉम्बॅट हे नाव कानावर आलेलं असेलच.

१९९२ साली शिकागोच्या मिडवे कंपनीत एड बून, जॉन टोबायस आणि आणखी दोघांनी हा खेळ बनवला. आधी नट व्हॅन डॅमला घेऊन खेळ करायचं मनात होतं, ते जमलं नाही. मग त्यांनी खऱ्या माणसांचं चित्रण करून त्यांनाच पडद्यावर लढवलं. 'स्ट्रीट फायटर २' मधले योद्धे हाताने रेखाटलेले होते. इथले खरे दिसत. त्यामुळेच हरलेल्याचं डोकं मणक्यासकट उपटणारा सब-झीरो पाहून आईबाप हादरले.

१३ सप्टेंबर १९९३ ला हा खेळ घरच्या टीव्हीवर आला. निन्टेंडोने रक्त काढून राखाडी घाम दाखवला. सेगाने रक्त ठेवलं, पण गुप्त कोडच्या कुलपात. मुलांनी कोड पाठ केला आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली.

डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये लीबरमन आणि कोल यांनी सुनावणी घेतली. सरकार कायदा करील या धास्तीने उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःच वयोगट ठरवणारं मंडळ काढलं, ईएसआरबी. डब्यावर वयाची पट्टी आली.

आता गंमत पाहा. त्याच वर्षी दुसरा भाग निन्टेंडोवर रक्तासकट आला! इशारा छापला की झालं. जबाबदारी कंपनीकडून घराकडे सरकली.

पुढे १९९७ ला त्रिमिती आली, २००९ ला मिडवेचं दिवाळं निघालं आणि खेळ वॉर्नरकडे गेला. २०११ च्या भागात तर क्ष-किरणांतून हाडं मोडताना दिसू लागली. २०१९ चा अकरावा भाग बनवताना रोज हिंसेची दृश्यं पाहून एका कर्मचाऱ्याचं मन आजारी पडल्याची बातमी आली. पट्टी खेळणाऱ्यासाठी होती. बनवणाऱ्यासाठी कुठलीच नव्हती.

म्हणून बंदी हवी का, एवढंच विचारून भागत नाही. डब्यावरची पट्टी घरात कोण वाचतं, हेही विचारा. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि तो काय खेळतोय ते बघा. भेटू पुढच्या भागात.