फासा दुरुस्त करणारी मुले

संभाव्यतेचे शिक्षण दोन वेगळ्या मोजण्यांवर उभे असते. फासा टाकण्यापूर्वी सहा समसंभाव्य निष्पत्ती, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेले परिणाम, मोजून सहा पडण्याची संभाव्यता एक-षष्ठांश ठरवता येते. फासा वारंवार टाकून सहा किती वेळा पडले हे मोजल्यास सापेक्ष वारंवारता, म्हणजे त्या संख्येचे एकूण फेकींशी असलेले गुणोत्तर, मिळते. फेकी वाढतात तशी दुसरी मोजणी पहिलीजवळ सरकते, हे याकोब बर्नुली यांच्या मृत्यूनंतर 1713 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्ध झाले. वर्गात मात्र तीस-चाळीस फेकींत आकडे भरकटतात आणि हजार फेकींना वेळ पुरत नाही.

झां पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तबकाच्या एका कडेला लाल आणि पांढऱ्या गोट्या वेगळ्या मांडून तबक पुनःपुन्हा कलते केले जाई, तेव्हा लहान मुलांना गोट्या अखेरीस आपापल्या जागी परततील असे वाटे. यावरून यदृच्छेची पूर्ण समज साधारण अकरा-बारा वर्षांनंतरच येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एफ्राइम फिशबाइन यांनी 1975 मध्ये वेगळी बाजू मांडली: मुलांजवळ शिकवण्यापूर्वीच काही अंतःप्रज्ञा असतात आणि योग्य अध्यापनाने त्या घडवता येतात.

वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि पियाजे यांच्यासोबत जिनिव्हात काम केलेले सीमोर पॅपर्ट यांनी 1967 मध्ये अमेरिकेत ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली. तिच्यात छद्म-यादृच्छिक संख्या, म्हणजे ठरलेल्या सूत्राने निघूनही क्रमहीन भासणाऱ्या संख्या, मागवण्याची आज्ञा होती. पुढे घरगुती संगणकांवर हजार नाणेफेकी क्षणात करून दाखवणे सोपे झाले, पण तेवढ्याने मूल प्रेक्षकच राहिले. यंत्राने आतून काय केले हे तपासता येत नसताना मुलाने पडद्यावरील आकड्यांवर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्तच होता.

या प्रश्नाला सर्वांत समर्पक उत्तर डेव्ह प्रॅट यांनी 1990च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘चान्स-मेकर’ या कार्यक्रमातून दिले, असे म्हणता येईल. नाणे, फासा, फिरती चकती अशी पडद्यावरची साधने दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवून त्यांतील कोणती नीट चालत नाहीत ते ओळखावे आणि ती दुरुस्त करावीत, असे त्यांना सांगितले जाई. फाशाची अंतर्रचना उघडली की 1, 2, 3, 4, 5, 6, 6, 6 अशी यादी दिसे. जादा सहा काढल्यावरही थोड्या फेकींचा वृत्तालेख वेडावाकडाच राही आणि फेकी पुष्कळ वाढवल्यावर त्याचे भाग सारखे होत. यादी बदलणे ही पहिली मोजणी आणि आलेख पाहणे ही दुसरी. दोन्ही मुलाच्या हाताखाली एकत्र आल्या, हेच या कार्यक्रमाचे खरे मोल होय. फेकीचा जोर कमी-जास्त करण्याचीही सोय होती, त्यामुळे जोराने निकाल बदलतो ही समजूत मुले स्वतःच पडताळून पाहत. दोन फाशांच्या बेरजेत मात्र अडचण अधिक खोल होती, कारण 2 ते 12 या बेरजा सारख्याच शक्य आहेत असे मुलांना वाटे, वास्तविक 36 क्रमित जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज 7 येते आणि 2 येते ती केवळ एकीची.

अशी गफलत बालपणापुरती नसते. पावसाची शक्यता सत्तर टक्के म्हणजे ‘पाऊस पडणार’ असा अर्थ घेऊन, तो न पडल्यास अंदाजच चुकीचा ठरवणारे प्रौढ विद्यार्थी क्लिफर्ड कोनोल्ड यांनी 1989 मध्ये नोंदवले होते. त्यांच्याच पुढाकाराने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तयार होऊन 2005 मध्ये आलेल्या ‘टिंकरप्लॉट्स’ या संगणक-कार्यक्रमाच्या पुढील आवृत्तीत मुलांना चेंडूंची पिशवी आणि चकत्या जोडून स्वतःचे प्रतिमान उभारता येऊ लागले. सातची बेरीज वारंवार येते हे त्यातून झटकन दिसते. ती का येते हे कळण्यासाठी मात्र 36 जोड्यांची यादी मुलाला स्वतःच लिहून काढावी लागते.