पाळणे किती, हात किती?



"जास्त मुलं होऊ द्या" असं सांगणारी माणसं आपल्या देशात पुन्हा दिसू लागली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी हा विषय काढला, पाठोपाठ तामिळनाडूचे स्टॅलिन बोलले, आणि १ डिसेंबरला इथून जवळच, नागपुरात, मोहन भागवत यांनी तीन मुलांचा आग्रह धरला. कुणाला म्हाताऱ्यांची वाढती संख्या दिसते, कुणाला लोकसभेतल्या जागा घटण्याची भीती वाटते, कुणाला समाजच नाहीसा होण्याची. त्यांच्याशी वाद घालायला आम्ही इथे उभे नाही. मोठ्या कुटुंबाला आपल्याकडे काय मोल होतं, ते मोल कुणी चुकतं केलं आणि कुटुंब लहान झाल्यावर आपल्या हातून काय गेलं, एवढं आपल्या यवतमाळ जिल्ह्यापुरतं तपासून पाहू.

सुरुवात मरणापासून करावी लागेल. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ साली आलं. पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि देशात ज्या मुलखांना तिचा सर्वांत मोठा तडाखा बसला, त्यांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता. "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" हा आशीर्वाद अशा काळात दिला जात होता. आठ मागितले तर तीन-चार पदरात राहतील, हा त्यामागचा हिशेब होता.

दुसरं कारण कापूस. पऱ्हाटीच्या शेतीला माणसं लागतात. पेरणी झाली की निंदण, डवरण, आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी. वेचणी तर आजही हातानेच होते. सात-आठ वर्षांचं पोरगं ढोरांमागं जायचं, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन धुऱ्यावर बसायची, तेव्हा आई वावरात काम करू शकायची. बंजाऱ्यांचा तांडा असो, कोलामांचा पोड असो की कुणब्याचं घर, रीतभात वेगळी होती, पण हिशेब सारखाच होता: तोंड एक आलं तर हात दोन आले. म्हातारपणाला पेन्शन नव्हती, मुलगा हीच पेन्शन.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या परंपरेत तीन ऋणं सांगितली आहेत. त्यातलं पितृऋण अपत्य झाल्याने फिटतं. म्हणजे ऋण पूर्वजांचं, ते फेडणारा पुरुष, आणि फेडीसाठी लागणारा देह मात्र बाईचा. हा देह किती वेळा लागेल, त्याचं पुढे काय होईल, याचा विचार ऋणाच्या त्या मांडणीत नाही.

मोठ्या कुटुंबाचं कौतुक करताना लोक एक उदाहरण हमखास देतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आईवडिलांचं चौदावं अपत्य. कुटुंबनियोजन असतं तर ते जन्मलेच नसते! ऐकायला बरं वाटतं. पण त्या चौदांपैकी जगली पाच. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव सहा वर्षांचेही झालेले नव्हते. पुढे बाबासाहेब आणि रमाबाई यांनी आपली चार लेकरं लहानपणीच गमावली. एकटे यशवंत जगले. ज्याला चौदावं अपत्य म्हणून पुढे करायचं, त्या माणसाने स्वतः या प्रश्नावर काय केलं? १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. मूल हवं की नको हे ठरवण्याचं स्वातंत्र्य बाईला असलं पाहिजे, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला.

या विचाराला महाराष्ट्रात आधीची वाट होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी नोकरी, प्रतिष्ठा, पैसा सगळं पणाला लावलं. त्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेबच. डिसेंबर १९३५ मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्याला मार्गारेट सँगर या अमेरिकन कार्यकर्त्या गांधीजींना भेटायला आल्या. साधनांऐवजी संयम, हे गांधीजींचं मत त्या भेटीने बदललं नाही. मतभेद मोठे होते, पण निदान माणसं माणसांशी बोलत होती.

१९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पुढे लाल त्रिकोण आला, भिंतींवर घोषणा आल्या, आणि हळूहळू बोलणं कमी होऊन मोजणं वाढलं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. पुरुषांवर सक्ती झाली तेव्हा सरकार पडलं. त्यानंतर तो सगळा भार मुकाट्याने बायकांवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. यावर आपल्याकडे कुणी मोर्चा काढला नाही.

मग कुटुंब लहान कशाने झालं? महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.९ होती, २००५-०६ मध्ये २.१ झाली आणि २०१९-२१ मध्ये १.७. सक्ती तर १९७७ लाच संपली होती. सप्टेंबर २००१ पासून तिसरं मूल झाल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, पण निवडणूक लढवणारे असे किती? खरी कारणं घराघरांत आहेत. झालेलं मूल जगू लागलं. मुली शाळेत गेल्या, लग्न लांबलं. दहा एकराचे भाऊभावकीत वाटे होऊन दोन-अडीच एकर उरले. आणि पोराला ढोरांमागं न पाठवता शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा मूल हा हातभार न राहता खर्च झाला. हा हिशेब बाईने, आणि काही घरांत नवऱ्यानेही, समजून केलेला आहे. त्याला स्वार्थ म्हणणं अन्यायाचं आहे.

जिल्हा ओस पडतोय असंही नाही. २००१ ते २०११ मध्ये आपण २४.५८ लाखांवरून २७.७२ लाखांवर गेलो. पण नुकसान झालंच नाही, असंही आम्ही म्हणणार नाही. पहिलं नुकसान मुलींचं. राज्यात सहा वर्षांखालच्या एक हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. कुटुंब लहान झालं, मुलाचा हट्ट लहान झाला नाही. दुसरं नुकसान नात्यांचं. एकुलत्या एका लेकराच्या लेकराला काका नाही, आत्या नाही, चुलतभाऊ नाही. वाटून खाणं, भांडून पुन्हा एका ताटात बसणं, धाकट्याला सांभाळणं, हे शिक्षण घरात फुकट मिळायचं, ते कुठल्याच शाळेत मिळत नाही. तिसरं नुकसान म्हाताऱ्यांचं. पोरगा पुण्याला, पोरगी सासरी, आणि गावात दोन जीव एकमेकांची औषधं आठवत बसलेले. इथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असं एखादं घर आलं असेल.

पण यातलं जे गेलं, ते नुसत्या संख्येने परत येईल का? जुन्या घरात मूल एकट्या आईच्या अंगावर नव्हतं. आजी, काकू, थोरली बहीण, शेजारीण असे अनेक हात त्याला होते. मोठ्या कुटुंबाचं खरं धन ते हात होते. ते हात आता नाहीत आणि आपण सुनेला म्हणतो, तिसरं होऊ दे. दक्षिण कोरियाने पैसे देऊन पाहिलं; २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ वर होता. बाईला वेळ, नोकरी आणि सोबत यांची खात्री नसेल, तर पैशाने पाळणा हलत नाही.

आणि जी मुलं आहेत त्यांचं काय? झरी-जामणी भागातल्या कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. बापाचं नाव नसलेली ती लेकरं याच जिल्ह्याची आहेत. कर्जापायी नवऱ्याने जीव दिल्यावर एकटीने दोन-तीन लेकरं वाढवणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. समाज नाहीसा होईल अशी ज्यांना काळजी आहे, त्यांनी आधी यांच्या दाराशी जावं. एखाद्या लेकराची फी भरणं, एखाद्या पोरीला शिकायला घरी ठेवून घेणं, गावातली अंगणवाडी नीट चालते का हे पाहणं, हेही संगोपनच आहे. आपल्याकडे मामाने भाचा वाढवला, मावशीने भाची वाढवली, ही फार जुनी रीत आहे. अनेक मुलं वाढवण्याचं मोल आम्ही मानतो, ते या अर्थाने. ती सगळी आपल्याच पोटची असावीत, अशी अट कशाला?

१९७६ मध्ये सांगितलं, कमी करा. आज सांगतात, वाढवा. दोन्ही वेळा जिला विचारायचं तिला विचारलं नाही. १९३८ चा तो फेटाळलेला ठराव म्हणून आम्हाला अजून जिवंत वाटतो. उद्या कुणी आपल्या दारी येऊन किती मुलं हवीत हे सांगू लागलं, तर त्याला एवढंच विचारा: बाबा, सांभाळायला येशील का? आणि त्याला उत्तर देण्याआधी घरातल्या लेकी-सुनेला विचारा.